अक्कांची बरणी आणि माझा संशय

अक्का,

तुम्ही गेलात त्याला महिना होऊन वर चार दिवस झाले. तेराव्याला तुमच्या सुनेनं, मनीषानं, तुमचा फोटो पडवीत पाटावर ठेवला होता. फोटोत तुम्ही हसताय. लोक हात जोडून पुढे जात होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? ही बाई कशाला हसतेय, काय लपवतेय? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुमन, आता तरी सोड की मला."

सोडलं असतं. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि दीड वर्ष तुम्ही मला नीट उत्तर दिलेलं नाही. म्हणून हे लिहितेय. बाकीचे तुमच्याबद्दल चांगलंच लिहितील, बोलतील. ते काम माझ्यावर सोपवू नका.

तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. तुम्ही ओझरच्या अलीकडे मळ्यात, मी घोडेगावात भाड्याच्या घरात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी तुमच्यावर नजर होती. तुम्ही पाठवलेल्या दुधावर साय कमी का, तुम्ही दिलेल्या साडीची घडी आधी मोडलेली तर नाही, असल्या गोष्टी मी बघत बसायची. स्वभावच तसा. दूधवाल्याचं माप, औषधाच्या बाटलीवरची तारीख, दोन मुलांच्या वह्यांतले एकसारखे आकडे, यातलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. ओझरला दर्शनाला गेलो होतो तेव्हा हातावर आलेला पेढा मी आधी नाकाशी नेला. तुम्ही रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आमच्या मॅडमला देवाच्या परसादात बी भेसळ दिसती." सगळ्या हसल्या, मीही हसले. पेढा मात्र पर्समध्येच राहिला.

दर साली आलं काढलं की तुमच्याकडून एक पिशवी यायची. काळपट, वाकडंतिकडं, मातीनं भरलेलं, बोटं आखडलेली. तुमच्या मळ्यातलं गोरं, टपोरं आलं टेम्पोत भरून नारायणगावला जाताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे चांगलं बाजाराला आणि उरलंसुरलं जावेला, असा माझा सरळ हिशेब. ती पिशवी मी कामवाल्या बाईला देऊन टाकायची आणि फोनवर तुम्हाला सांगायची, आलं छान होतं हं अक्का. तुम्ही म्हणायचात, "तिकाट हाय ना?" मी हो म्हणायची. चाखलं कुणी होतं?

मग तुमच्या गटाचं काम निघालं. तुम्ही सात बायका, आलेपाक आणि लोणची करून लेण्याद्रीच्या पायथ्याशी विकणाऱ्या. पुण्याकडचा एक औषधवाला म्हणाला, मला आल्याचा अर्क द्या, चांगला असेल तर नेहमी घेईन. अर्क कसा काढायचा ते विचारायला तुम्ही स्वतः एसटीनं घोडेगावला आलात. मला फार बरं वाटलं होतं. सासरच्या माणसांना माझ्या विषयाचं काही काम पडायची ती पहिलीच वेळ. पण तेव्हाही मनात आलंच, हिला फुकटात काम करून हवंय.

पहिला प्रयोग आपण तुमच्याच मागच्या पडवीत केला. कॉलेजातून ऊर्ध्वपातनाचं सामान आणलं, आलं ठेचून वाफेवर धरलं, आणि पाण्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर मी तुम्हाला कौतुकानं दाखवला. तुम्ही काडी बुडवून जिभेला लावली.

"वास लई झ्याक हाय," तुम्ही म्हणालात. "पन तिकाट कुठाय?"

मी पुस्तक उघडून बघितलं. तुमचं बरोबर होतं. वाफेबरोबर सुगंधी तेल येतं, तिखटपणा भांड्यातच राहतो. औषधवाल्याला जे जिंजेरॉल, म्हणजे आल्याचा तिखट अंश, पाहिजे होतं ते आपण चोथ्याबरोबर उकिरड्यावर टाकलं होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं आणि तुम्ही ते जिभेनं ओळखलंत. शाबासकी द्यायची सोडून मी विचार करत बसले, हिला हे आधीच कुणी सांगितलं असेल का?

त्यानंतर मी सॉक्सलेट सुचवलं. काचेचं ते उभं यंत्र तुम्हाला आवडलं होतं. खाली अल्कोहोल उकळतं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, आल्याच्या भुकटीतून झिरपून पुन्हा खाली येते, असं तासन् तास चालतं. तुम्ही दोन फेऱ्या बघितल्यात आणि तोंड वाकडं केलंत.

"तापवून तापवून त्यात काय ऱ्हानार? लोनचं कदी उकळतं का कुनी? बरनीत घाल, मुरू दे."

"अक्का, हे लोणचं नाही."

"मंग लोनच्यावानी करून तर बग."

त्यावरून आपली जुंपली. शेवटी ठरलं की दोन्ही करायचं. आलं सारख्याच वजनाचं, अल्कोहोल तेच. मी माझा वाटा सुकवून, दळून सॉक्सलेटला लावणार. तुम्ही तुमचा वाटा ओलाच किसून चिनीमातीच्या बरणीत घालणार, तोंड फडक्यानं घट्ट बांधणार आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ हलवणार. दोन्ही अर्क पुण्याच्या प्रयोगशाळेत जातील आणि ज्यात जिंजेरॉल जास्त, ती पद्धत औषधवाल्याच्या पत्रात लिहायची. अल्कोहोल बरणीत ओतताना तुम्ही पदर नाकाला लावून म्हणालात, "आक्क्या जल्मात दारूला हात लावला न्हवता, जावंनं लावाय लावला." ते मात्र आठवून मी अजून हसते.

त्या आधीची सकाळ मला पुन्हा पुन्हा आठवते. गोणपाटावर तुम्ही आल्याचे दोन वाटे घातले होते. आपल्याकडे काहीही वाटताना रीत तीच, ज्यानं वाटे केले त्यानं मागं सरायचं आणि दुसऱ्याला आधी उचलू द्यायचं. माझ्या पुढ्यातला वाटा काळपट, आखडलेला, नेहमी पिशवीतून यायचा तसा. तुमच्याकडचा गोरा, टपोरा. तुम्ही माझ्या पुढ्यातल्या वाट्याकडे हात करून म्हणालात, "घे तुजा." माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. परीक्षेलासुद्धा मला कचरा? मी उठले, वळसा घालून पलीकडे गेले आणि तुमचा वाटा उचलला.

तुम्ही बघितलंत. "आसं व्हय? बरं," एवढंच म्हणालात आणि हसलात. ते हसू मी जपून ठेवलं, पुरावा म्हणून.

अहवाल आला तेव्हा तुमची बरणी माझ्या यंत्राच्या कितीतरी पुढे होती. मी तो कागद घेऊन मळ्यात आले. तुम्ही गोठ्यात होता. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फळीवरचा सुंठीचा डबा उघडून बघितला. दिवाळीला काठोकाठ भरलेला डबा अर्धा झाला होता. मला सगळं कळलं, किंवा मला तसं वाटलं. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गटाची बैठक होती. तिथं सगळ्या बायकांसमोर, मनीषासमोर, मी तुम्हाला म्हणाले, "अक्का, तुम्ही बरणीत मागाहून सुंठ घातलीत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मांडीवरची पिशवी उचललीत आणि म्हणालात, "घातली आसंल."

घातली आसंल. दीड वर्ष मी त्या दोन शब्दांना कबुलीजबाब म्हणत आले. जी बाई नाकारत नाही ती दोषी, नाहीतर काय? औषधवाल्याच्या पत्रावर रसायनवाली म्हणून माझी सही लागणार होती, ती मी केली नाही. औषधवाल्यानं दुसरीकडून माल घेतला. सात बायकांचं वर्षभराचं काम गेलं आणि त्यांच्यातली एकही मला कधी काही बोलली नाही. त्या गप्प राहण्याचाही मी संशय घेतला, सगळ्या सामील असतील म्हणून. तुमची-माझी भेट मग लग्नाकार्यात. कसं काय, बरं हाय, जेवलीस का. यंदाही आल्याची पिशवी आली. मला वाटलं, तोंड बंद ठेवायला पाठवली असेल.

तेराव्याला पंगती उठल्यावर मनीषा मोरीवर भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन बसले. सांत्वन करायला नाही, अक्का. चौकशी करायला. तुम्ही नसताना ती खरं बोलेल असं मला वाटलं.

"त्या वेळचे आल्याचे वाटे कुणी केले होते?"

"आईंनीच की," ती म्हणाली. "तुमच्यासाटी जुनं आलं येगळं काडलं व्हतं त्यांनी."

"जुनं म्हणजे?"

"दोन सालं भुईत राखल्यालं. त्ये लई तिकाट असतंय, काकी. बांधाकडंचे दोन वाफे आई कदी बाजारात न्हेऊ देत न्हवत्या. घरापुरतं आन तुमच्या पिशवीपुरतं. त्या दिवशी बी चांगला वाटा तुमच्याम्होरं ठेवला. तुमी दुसराच उचलला."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मी इचारलं व्हतं. म्हनल्या, आता सांगितलं तर तिला वाटंल, मी माजा वाटा परत घ्याया बगते."

आणि सुंठ? मी विचारायचं टाळत होते, पण विचारलं. मनीषानं पातेलं पालथं घातलं. "माज्या बाळंतपनाच्या लाडवांत गेली की. तुमी बी खाल्लं व्हतं लाडू."

खाल्ले होते. दोन खाल्ले होते आणि सुंठ जरा जास्त झाली म्हणून नावंही ठेवली होती.

तरी मी विश्वास ठेवला नाही. सासू गेल्यावर सगळ्या सुना गोड बोलतात, असं म्हणत घरी आले आणि कपाटातून तो जुना अहवाल काढला. दीड वर्ष तो फाइलमध्ये होता आणि मी त्याचा पहिला रकाना सोडून पुढे कधी वाचलंच नव्हतं. पहिल्या रकान्यात जिंजेरॉल, त्यात मी हरले होते, तिथंच माझं वाचन संपलं. दुसऱ्या रकान्यात शोगाओल होतं. आलं सुकलं, तापलं की त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होत जातं. सुंठीत ते असतं, ओल्या आल्यात नावापुरतं. मी हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. बरणीत सुंठ पडली असती तर त्या रकान्यात दिसल्यावाचून राहिली नसती. तुमच्या नमुन्यापुढे तिथं जवळजवळ काहीच नव्हतं. माझ्या नमुन्यापुढे भरपूर होतं. ओव्हनमध्ये सुकवून आणि तासन् तास उकळून मीच माझ्या काचेत सुंठ तयार केली होती.

तुमच्या निर्दोषपणाचा कागद माझ्याच कपाटात, माझ्याच कुलपात होता. तुम्ही जिवंत असताना कुठल्याही दिवशी मी तो पूर्ण वाचू शकले असते.

मी त्या दिवशी तुमच्यावर फार चिडले, हेही सांगते. तुमचं चुकलंच होतं. दोन पद्धतींची तुलना करायची तर आलं एकच हवं. जावेला सरस वाटा देणं हा पाहुणचार झाला, त्यानं प्रयोगाचं मातेरं होतं. आणि मी तरी काय केलं? मुलांना शिकवते, सगळा नमुना बारीक करा, एकजीव करा, गोल ढीग घाला, चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या. तुमच्या पडवीत गोणपाटापुढे बसले आणि यातलं एक अक्षर आठवलं नाही. तिथं मी रसायनशास्त्राची बाई नव्हते, वाटणीला बसलेली धाकटी जाऊ होते. मला कमी मिळणार एवढंच मला माहीत होतं. तुम्ही चांगलं पुढ्यात ठेवलंत आणि मी ते ओलांडून दुसरं घेतलं. वीस वर्षं पिशवीतून येणारं आलं मी तसंच दुसऱ्याच्या दारात धाडलं. आता बांधाकडच्या त्या वाफ्यांसाठी तुमचे आभार कसे मानायचे, अक्का? फोनवर तुम्ही विचारायचात, तिकाट हाय ना, तेव्हा तुम्हाला खरंच उत्तर हवं असायचं.

पुढच्या मंगळवारी मी सभामंडपात गेले. बायका जमल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अक्कांनी सुंठ घातली नव्हती. मी खोटा आळ घेतला." मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

गटातल्या चंद्राबाई तुमच्याहूनही वयानं मोठ्या, माहेर आहुप्याकडचं. त्या मान न उचलता म्हणाल्या, "आमाला ठावं व्हतं, मॅडम."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"अक्कांनीच सांगू दिलं न्हाई. म्हनल्या, तिला कुनी सांगितल्यालं पटत न्हाई. तिचं तिला घावू द्या."

मला राग यायला हवा होता. पण माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी कधी बोललं नव्हतं. तुम्ही मला ओळखून होता, आणि ओळखूनही दर साली पिशवी पाठवत होता. घातली आसंल म्हणताना तुम्ही दमला होता का माझ्यावर? की तुम्ही सभामंडपातून उतरायच्या आत मी हाक मारीन असं तुम्हाला वाटलं होतं? हे आता मनीषाला विचारून कळणार नाही.

औषधवाल्यानं पुन्हा निरोप पाठवलाय. बायकांनी विचारलं, मॅडम, पत्रात कोणती पद्धत लिहायची? वाटेच सारखे नव्हते, तेव्हा जुन्या निकालाला अर्थ नव्हता. मी सांगितलं, सगळं पहिल्यापासून करते. मनीषानं तुमच्याच मळ्यातलं दोन्ही प्रकारचं आलं काढून दिलं. त्यापुढे कुणाला मी हात लावू दिला नाही. मी धुतलं, मी चिरलं, एकत्र कालवलं, चार भाग केले. एक वाटा यंत्राला, एक बरणीला. बरणी प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. सकाळ-संध्याकाळ काढून हलवायची, पुन्हा कुलूप. तुम्ही ती कडेवर पोर घ्यावं तशी घ्यायचात. मला काही तसं जमेना, दोन्ही हातांनी धरून घाबरत घाबरत हलवायची. सातव्या दिवशी फडकं सोडलं तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. गाळलं, बाटल्या भरल्या, लाख लावून मोहोर केली, स्वतः पुण्याला नेऊन दिल्या.

काल अहवाल आला. बरणी पुढे आहे. पूर्वीइतकी नाही, पण स्पष्ट पुढे आहे. या वेळी मी सगळे रकाने वाचले.

वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, ते तुम्ही ओळखलं असेल. कुणीतरी काहीतरी केलंय. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवले होते, ते बघितले. अक्षर माझंच. मोहोर शाबूत होती, प्रयोगशाळेनं तसं लिहून दिलंय. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, दुसरी किल्लीच नाही. मनीषानं कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही. चंद्राबाईंना माझं कॉलेज कुठं आहे तेही माहीत नाही. मी सवयीनं एकेक नाव घेत गेले आणि खोडत गेले. मग सवयीनंच तुमचं नाव घेतलं.

आणि थांबले. तुम्ही हे करणं शक्य नव्हतं, अक्का. तुम्ही कुठेच नव्हता. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा, तुम्हाला पडवीत ठेवलेलं बघितलं तेव्हा, तेराव्याला पंगतीत बसले तेव्हासुद्धा तुम्ही नाही, हे मला लोकांनी सांगितलेलं होतं. काल दुपारी, प्रयोगशाळेच्या स्टुलावर, कुलपाची किल्ली हातात असताना, ते माझं मला कळलं.